आधी कायदा, मग टाळ्या

सप्टेंबर २०१६ मध्ये नॉर्मी क्वाँग वयाच्या ८६ व्या वर्षी गेला, तेव्हा त्याच्याविषयी जे छापून आलं त्याचा साचा जवळपास एकच होता. चिनी वाण्याचा मुलगा. व्यावसायिक कॅनडियन फुटबॉल खेळणारा पहिला चिनी वंशाचा माणूस. चार ग्रे कप, म्हणजे कॅनडियन फुटबॉलची चार विजेतेपदं. मग जमीनजुमल्याच्या आणि शेअरच्या व्यवहारात यश, मग आइस हॉकीच्या संघात मालकीचा वाटा. आणि शेवटी अल्बर्टा प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे थेट राणीचा प्रतिनिधी. यातलं काहीही खोटं नाही. माझी तक्रार आहे ती या सगळ्याच्या शेवटी जो निष्कर्ष हळूच चिकटवला जातो त्याच्याबद्दल. बघा, कॅनडात असं घडू शकतं. खेळानं भिंती पाडल्या.

मला हे मान्य नाही. भिंत पाडली ती दुसऱ्याच माणसांनी, दुसऱ्याच ठिकाणी, आणि त्या कामाला टाळ्या वगैरे काही नव्हत्या. क्वाँग त्या खिंडारातून आत आला आणि मग असा काही धावला की खिंडारही त्यानंच पाडलं असं लोकांना वाटू लागलं. हा फरक मला क्षुल्लक वाटत नाही. भिंत खेळानं पडते असं एकदा मानलं, की पुढच्या भिंतीसाठी कोणी काही करायला नको. एखादा गुणी खेळाडू येईपर्यंत वाट बघत बसलं तरी भागतं.

आधी त्याचा खेळ बघू, कारण तो खरोखर बघण्यासारखा होता.

कॅनडियन फुटबॉल हा अमेरिकन फुटबॉलचा भाऊबंद. तोच लंबगोल चेंडू, तीच डोक्यावरची शिरस्त्राणं. मैदान मात्र मोठं, ११० यार्डांचं, खेळाडू अकराऐवजी बारा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दहा यार्ड पुढे सरकायला अमेरिकेत चार संधी मिळतात, इथे तीनच. त्यातली तिसरी बहुतेक वेळा चेंडू लाथाडून लांब पाठवण्यात जाते, त्यामुळे हिशेबाला उरतात दोन. अशा खेळात हमखास चार-पाच यार्ड काढून देणारा माणूस सोन्याच्या मोलाचा. क्वाँग फुलबॅक होता आणि त्याचं काम नेमकं हेच होतं. संघाची चाल ठरवणारा क्वार्टरबॅक वळतो, चेंडू त्याच्या पोटाशी कोंबतो, आणि हा खांदा खाली घालून समोरच्या धिप्पाड गड्यांच्या मधल्या फटीत घुसतो. ती फट सेकंदभरही उघडी राहत नाही. पोचायला उशीर झाला तर ती मिटलेली, घाई झाली तर अजून उघडलेलीच नाही. क्वाँग ठेंगणा आणि भरदार होता. जमिनीलगत धावायचा, त्यामुळे त्याला धरायचं कुठे हाच समोरच्याला प्रश्न पडायचा. लांब, देखण्या धावा इतरांच्या नावावर. याच्या नावावर ढिगाऱ्यातून बाहेर आल्यावर मोजलेले यार्ड.

ते यार्ड मात्र साचत गेले. १९५६ च्या एका हंगामात १,४३७. कॅनडियन खेळाडूचा हा विक्रम २०१२ साली जॉन कॉर्निशनं मोडला, म्हणजे ५६ वर्षं तो टिकला. कारकिर्दीची बेरीज ९,०२२ यार्ड. १९५५ आणि १९५६ अशी सलग दोन वर्षं तो सर्वोत्कृष्ट कॅनडियन फुटबॉलपटू ठरला आणि १९५५ साली तर सगळ्या खेळांत मिळून देशातला सर्वोत्तम पुरुष खेळाडू. तो ज्या एडमंटनच्या संघात होता त्यानं १९५४, १९५५ आणि १९५६ असे तिन्ही ग्रे कप जिंकले, तिन्ही वेळा माँट्रियल अलुएट्सला हरवून. यातल्या पहिल्या सामन्याची आठवण आजही काढली जाते. शेवटच्या मिनिटांत माँट्रियलच्या हातून निसटलेला चेंडू जॅकी पार्करनं उचलला, नव्वदेक यार्ड धावून शेवटच्या रेषेपलीकडे नेला, म्हणजे टचडाउन केला, आणि एडमंटननं २६–२५ असा सामना मारला.

सुरुवात झाली होती त्याआधी, १९४८ साली, स्वतःच्या गावच्या कॅल्गरी स्टॅम्पीडर्सकडून. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. त्या हंगामात स्टॅम्पीडर्स एकही सामना हरले नाहीत. टोरँटोतल्या अंतिम सामन्यात त्यांनी ऑटावाला १२–७ असं हरवलं. कॅल्गरीचे लोक आगगाडीतून घोडे घेऊन टोरँटोला गेले होते आणि सिटी हॉलसमोर त्यांनी पॅनकेक तळून वाटले होते. ग्रे कपाचा जो जत्रेसारखा थाट पुढे रूढ झाला तो त्या वर्षापासूनचा. त्याच संघात वुडी स्ट्रोड नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडू होता, पुढे हॉलिवूडच्या चित्रपटांत दिसलेला. म्हणजे १९४८ च्या विजेत्या संघाच्या छायाचित्रात एक चिनी चेहरा आणि एक काळा चेहरा आहे. खेळानं भिंती पाडल्या म्हणणाऱ्यांना हे छायाचित्र भलतंच आवडतं.

आता त्या छायाचित्राच्या मागच्या तारखा बघू.

देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा रेल्वेमार्ग चिनी मजुरांच्या जिवावर पुरा होत आला, त्याच १८८५ साली कॅनडानं चिनी माणसावर डोईपट्टी बसवली. देशात पाऊल ठेवायचे ५० डॉलर. १९०० साली त्याचे १०० झाले, १९०३ साली ५००. चिनी मजुराची साधारण दोन वर्षांची ती कमाई. दुसऱ्या कुठल्याही वंशाच्या माणसावर असली पट्टी नव्हती. सुमारे ८२,००० माणसांनी ती भरली आणि सरकारच्या तिजोरीत सव्वादोन कोटींहून जास्त डॉलर जमा झाले. तरीही माणसं येतच राहिली, तेव्हा १ जुलै १९२३ पासून दारच बंद करण्यात आलं. १ जुलै हा कॅनडाचा राष्ट्रीय दिवस. चिनी वस्त्यांत पुढची कित्येक वर्षं तो अपमानाचा दिवस म्हणून पाळला गेला, त्या दिवशी दुकानं बंद राहायची. पुढच्या २४ वर्षांत या कायद्याखाली किती चिनी आत आले? पन्नाससुद्धा नाहीत.

दार बंद करून सरकार थांबलं नाही. आधीपासून आत असलेल्या प्रत्येक चिनी वंशाच्या माणसानं वर्षभरात नाव नोंदवायचं होतं, कॅनडातच जन्मलेल्या पोरांनीसुद्धा. त्या पोरांना जे प्रमाणपत्र मिळे त्यावर फोटो, वय, जन्मगाव असं सगळं असे, आणि खाली छापलेलं असे की या कागदानं धारकाचा कॅनडातला कायदेशीर दर्जा सिद्ध होत नाही. ज्या देशात जन्मला त्याच देशानं पाळण्यातल्या बाळाला हा कागद द्यायचा.

नॉर्मी क्वाँगचा जन्म २४ ऑक्टोबर १९२९ चा. आईवडील ग्वांगडाँग प्रांतातल्या ताइशानचे. दोघंही दार बंद होण्याआधी आलेले, म्हणूनच कॅल्गरीत त्यांचं एक घर होतं, घराला जोडून उत्पन्नाला किराणा दुकान होतं आणि घरात सहा मुलं होती. चिनी वस्त्यांत हे चित्र दुर्मीळ होतं. बायको गावी, नवरा इकडे लाँड्रीत नाहीतर खानावळीत राबतोय, वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, अशी घरंच जास्त. इथे माझ्या मुद्द्याचा पहिला भाग येतो. एक अव्वल खेळाडू निघायला हजारो पोरं मैदानावर असावी लागतात. १९२३ च्या कायद्यानं ती पोरं जन्मालाच येऊ दिली नाहीत. क्वाँग हा पहिला होता हे आपण त्याच्या पराक्रमात धरतो. तो पहिला आणि बराच काळ एकटाच का होता, याचं उत्तर मात्र इमिग्रेशन खात्याच्या दप्तरात सापडतं.

दार पुन्हा कसं उघडलं, ही गोष्ट मैदानापासून फार लांबची आहे.

ब्रिटिश कोलंबियात चिनी, जपानी आणि भारतीय वंशाच्या माणसाला मत नव्हतं, मग तो तिथेच जन्मलेला का असेना. प्रांतात मत नाही म्हणून देशाच्या निवडणुकीतही नाही. आणि मतदारयादीत नाव नाही म्हणून तिथे वकिलीसारख्या व्यवसायांतही शिरकाव नाही. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर चिनी पोरं सैन्यात जायला तयार होती, पण सरकारच घ्यायला का-कू करत होतं. कारण उघड होतं. आज बंदूक दिली तर उद्या हा मतपत्रिका मागेल. चिनी वस्त्यांतही यावर जोरात भांडणं झाली. जो देश आपल्याला मत देत नाही त्याच्यासाठी मरायचं का, असं विचारणारे होते, आणि लढल्याशिवाय मागणार कुठल्या तोंडानं, असं म्हणणारेही होते. शेवटी सुमारे ६०० जण गेले. त्यातल्या दीडशेच्या आसपास जणांना ब्रिटिशांनी फोर्स १३६ या गुप्त दलात घेतलं, कारण जपान्यांच्या ताब्यातल्या आग्नेय आशियात जंगलात उतरून स्थानिक चिन्यांत मिसळून जातील अशी माणसं त्यांना हवी होती. यांतल्या काहींचं प्रशिक्षण आपल्या पुण्याजवळ झालं. व्हँकूव्हरच्या चायनाटाउनमधला पोरगा, घरी मत नाही, आणि पुण्याजवळच्या तळावर तो ब्रिटिश साम्राज्यासाठी घातपाताचे धडे घेतोय. इतिहासाला विनोदबुद्धी असते असं म्हणतात ते उगाच नाही.

परत आल्यावर या माणसांनी मागितलं, आणि नेटानं मागितलं. टोरँटोत क्यू डॉक यिप हा १९४५ मध्ये वकील झालेला पहिला चिनी कॅनडियन. त्यानं आणि अर्व्हिंग हिमेल या ज्यू वकिलानं इतरांना बरोबर घेऊन १९२३ चा कायदा रद्द करण्यासाठी समिती काढली, चर्च आणि कामगार संघटना गाठल्या, राजधानी ऑटावाला खेटे घातले. कॅनडानं नुकतीच संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सही केली होती आणि वंशभेदाचा असा उघडा कायदा आता जगात दाखवायला अवघड झाला होता. १४ मे १९४७ रोजी कायदा रद्द झाला. त्याच वर्षी ब्रिटिश कोलंबियात चिनी आणि भारतीय वंशाच्या लोकांना मत मिळालं. जपान्यांना आणखी दोन वर्षं थांबावं लागलं.

आणि नॉर्मी क्वाँग व्यावसायिक संघात पहिल्यांदा उतरला तो १९४८ मध्ये.

इथे मला जपून बोलायला हवं. चिनी माणसानं फुटबॉल खेळू नये असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नव्हतं, आणि स्टॅम्पीडर्सनी राजपत्र वाचून क्वाँगला घेतलं असं मी म्हणत नाही. त्यांनी त्याला घेतलं कारण पोरगा धावत होता. पण ज्या वर्षी देशानं चिनी माणूस हाही नागरिक असू शकतो हे कागदावर कबूल केलं, त्याच्या पुढच्या वर्षी हजारो लोक एका चिनी पोराच्या नावानं ओरडले, हा क्रम उलटा लावून सांगता येत नाही.

बरं, टाळ्यांत एवढा जोर असता तर पुढच्या बारा वर्षांत तो दिसायला हवा होता. १९४७ साली कायदा रद्द झाला तरी चिन्यांसाठी दार फक्त फटीएवढं उघडलं. कॅनडाचा नागरिक असलेल्या चिन्याला बायको आणि अल्पवयीन मुलं आणता येत, भाऊ-बहीण नाही. युरोपातून येणाऱ्यांना अशी अट नव्हती. पंतप्रधान मॅकेंझी किंग यांनी १ मे १९४७ रोजी संसदेत स्वच्छ सांगितलं होतं की मोठ्या प्रमाणावर माणसं घेऊन देशाच्या लोकसंख्येचं मूळ स्वरूप बदलावं अशी कॅनडाच्या जनतेची इच्छा नाही, आणि हे त्यांनी आशियाई लोकांना उद्देशूनच म्हटलं होतं. क्वाँगची जवळजवळ सगळी कारकीर्द या धोरणाच्या छायेत गेली. तीन ग्रे कप झाले, वर्षातला सर्वोत्तम खेळाडू झाला, धोरण जागचं हललं नाही.

१९६० चं साल तर मुद्दाम बघावं. हा क्वाँगचा शेवटचा हंगाम. त्याच वर्षी मे महिन्यात रॉयल कॅनडियन माउंटेड पोलिसांनी देशभरातल्या चिनी वस्त्यांवर छापे घातले, घरांतली कागदपत्रं, पत्रं, फोटो जप्त केले. संशय असा की बरेच जण दुसऱ्याच्या नावाचे कागद दाखवून आलेत. आले होतेच. सरळ दारानं भावाला, पुतण्याला आणता येत नसेल तर माणसं खोट्या नावानंच येणार. अख्खा समाज संशयित ठरला, आणि दशकभर ज्याच्या नावानं स्टेडियम दणाणलं होतं तो त्याच समाजातला होता. छाप्यांविरुद्ध संसदेत उभा राहिला तो डग्लस जंग. हा फोर्स १३६ मधला सैनिक, मग वकील, आणि १९५७ साली व्हँकूव्हरमधून खुद्द संरक्षणमंत्र्याला पाडून निवडून आलेला पहिला चिनी वंशाचा खासदार. पुढे ज्यांनी सत्य सांगितलं त्यांना माफी देऊन कागद नियमित करून देण्याची योजना निघाली. क्वाँगचं नाव आजही पश्चिम कॅनडातल्या जुन्या प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. जंगचं बहुतेकांना सांगावं लागतं, यिपचं तर जवळपास सगळ्यांनाच.

वंशावर बेतलेला इमिग्रेशनचा नियम निघायला सुरुवात झाली १९६२ मध्ये, आणि १९६७ साली शिक्षण, वय, भाषा, कौशल्य यांना गुण देणारी पद्धत आली. तेव्हा देशाला शिकलेली माणसं हवी होती, युरोपातून ती पुरेशी येईनात, आणि खात्यातल्या काही अधिकाऱ्यांना जुने नियम चालवायची लाज वाटू लागली होती. टोरँटो, कॅल्गरी, एडमंटनमध्ये आज जी मराठी घरं आहेत त्यांतली बहुतेक या गुणपद्धतीच्या दारानं आत आलेली आहेत. त्या दाराचे आभार मानायचे तर ते फुटबॉलचे मानता येणार नाहीत.

एडमंटनच्या त्या संघात क्वाँगच्या जोडीला दुसरा एक धावणारा होता, जॉनी ब्राइट. कॅनडाची पाठ थोपटायला त्याचंही नाव घेतात. अमेरिकेतल्या ड्रेक विद्यापीठाचा हा कृष्णवर्णीय खेळाडू २० ऑक्टोबर १९५१ रोजी ओक्लाहोमात खेळायला गेला. त्याला ‘बघून घेणार’ अशी कुजबुज आधीपासून होती, म्हणून दोन वृत्तपत्र-छायाचित्रकारांनी कॅमेरा त्याच्यावरच रोखून ठेवला होता. त्या छायाचित्रांच्या मालिकेत सगळं स्वच्छ दिसतं. ब्राइटनं चेंडू दुसऱ्याच्या हाती दिलेला आहे, तो स्वतः खेळापासून दूर, जवळजवळ उभाच आहे, आणि समोरच्या संघातला एक गोरा खेळाडू धावत येऊन हाताचा फटका थेट त्याच्या जबड्यावर मारतो. पहिल्या सात मिनिटांत तो तीनदा बेशुद्ध पडला. मोडका जबडा घेऊन त्यानं मध्येच ६१ यार्डांचा टचडाउनचा पासही टाकला. छायाचित्रांना पत्रकारितेतला पुलित्झर पुरस्कार मिळाला. मारणाऱ्याला काहीही झालं नाही. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाच्या ईगल्स या व्यावसायिक संघानं नव्या खेळाडूंच्या निवडीत ब्राइटला पहिल्याच फेरीत घेतलं, पण त्या संघातला पहिला काळा खेळाडू व्हायचं आणि दक्षिणेतून आलेल्या गोऱ्या सोबत्यांत राहायचं, हे त्याला नको वाटलं. तो कॅल्गरीला आला, मग एडमंटनला. १९५९ साली लीगमधला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, १०,९०९ यार्ड धावला, कॅनडाचा नागरिक झाला, शाळेत शिकवलं, मुख्याध्यापक झाला. १९८३ साली गेला. फटका जिथे बसला त्या विद्यापीठानं २००५ साली लेखी दिलगिरी व्यक्त केली, म्हणजे तो जाऊन बावीस वर्षं झाल्यावर.

अमेरिकेनं जबडा मोडला, कॅनडानं घर दिलं. ब्राइटपुरतं हे खरंच आहे आणि त्याचं मोल मी कमी करत नाही. पण शेजारी जास्त वाईट आहे यावरून आपण चांगले ठरत नाही. १९४६ साली हर्ब ट्रॉविक माँट्रियलकडून खेळू लागला, कॅनडाच्या व्यावसायिक फुटबॉलमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोव्हा स्कोशियातल्या न्यू ग्लासगो गावात व्हायोला डेझमंड ही कृष्णवर्णीय व्यावसायिक स्त्री चित्रपटगृहात गोऱ्यांसाठी राखलेल्या खालच्या मजल्यावर बसली म्हणून तिला ओढून बाहेर काढलं, रात्रभर कोठडीत ठेवलं आणि दंड केला. आरोप काय, तर बाल्कनीच्या आणि खालच्या तिकिटावरच्या करातला एक सेंटचा फरक तिनं बुडवला. हॅमिल्टनमध्ये बर्नी कस्टिस १९५१ चा हंगाम क्वार्टरबॅक म्हणून खेळला, संघाची चाल ठरवणारा पहिला काळा व्यावसायिक. पुढच्या वर्षी त्याला त्या जागेवरून काढून धावायला लावलं. आणि ज्या संघात क्वाँग आणि ब्राइट एकत्र खेळले त्याचं नाव होतं एडमंटन एस्किमोज, ज्यांच्यावरून ठेवलं त्यांना न विचारता ठेवलेलं. २०२० मध्ये ते टाकलं आणि २०२१ पासून संघ एल्क्स झाला. देशातल्या मूळ रहिवाशांपैकी ज्यांची सरकारी यादीत नोंद होती त्यांना विनाअट मत मिळालं तेही १९६० साली.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. कायदे माणसं करतात, आणि माणसांची मनं अशा खेळाडूंमुळेच मऊ होतात. ज्या गोऱ्या मुलानं क्वाँगचं चित्र भिंतीला लावलं तो मोठा होऊन चिनी शेजाऱ्याकडे बापाच्या नजरेनं बघणार नाही. चिनी वाण्याच्या पोराला पहिल्यांदाच शाळेत ताठ मानेनं जाता आलं असेल. हे मी अर्धं मानतो. ताठ मानेचं तर पुरतं मानतो. पण गोऱ्या मुलाच्या बाबतीत मला शंका आहे, कारण आवडता माणूस अपवादात टाकणं हे मनाचं नेहमीचं काम आहे. ‘नॉर्मी आपला, बाकीच्यांचं सांगू नका.’ १९६० चे छापे पडले तेव्हा त्या मुलांच्या बापांनी काय केलं? आणि प्रेम होतं तेही कसं, तर कॅल्गरीत जन्मलेल्या, कॅल्गरीतच वाढलेल्या माणसाला त्या काळच्या एका प्रसिद्ध विमानावरून ‘चायना क्लिपर’ म्हणायचं. क्वाँगनं ते हसून घेतलं. तो हसतमुखच होता असं सगळे सांगतात. हसतमुख नसता तर त्याचं काय झालं असतं, हे मात्र कोणी विचारत नाही.

१९७१ साली क्वाँग पुरोगामी हुजूर पक्षातर्फे प्रांताच्या विधानसभेला उभा राहिला आणि पडला. यावरून फार काही काढू नये. त्या वर्षी अल्बर्टात पीटर लॉहीडच्या याच पक्षाची लाट होती, पण लाटेतही एखादी जागा हातची जाते. गंमत अशी की लॉहीड स्वतः तरुणपणी एडमंटनकडून फुटबॉल खेळलेला, आणि त्याच्यानंतर मुख्यमंत्री झालेला डॉन गेटी तर क्वाँगच्याच संघातला क्वार्टरबॅक. त्या गावात फुटबॉल ही राजकारणाची बालवाडी होती म्हणायला हरकत नाही, फक्त सगळ्यांना वरच्या वर्गात घेत नव्हते.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. क्वाँगची गोष्ट ज्या पद्धतीनं सांगतात त्यात एक अट दडलेली असते: ९,००० यार्ड धावून दाखव, मग तू आमचा. जो भाऊ दुकानातच राहिला, ज्या माणसानं आयुष्यभर लोकांचे सदरे धुतले आणि गावी पैसे पाठवले, त्याच्याकडे दाखवायला काही नव्हतं, आणि ५०० डॉलर तर त्यानंही भरले होते. सामान्य चिनी माणसाला सामान्य कॅनडियन म्हणून राहता यायला हवं, एवढीच यिपची आणि हिमेलची मागणी होती. तिच्यात विक्रम नव्हता, कप नव्हता, म्हणून तिची गोष्ट होत नाही. क्वाँगला स्वतःला हे कळत असावं असं मला वाटतं. खेळ सुटल्यावर केंद्र सरकारच्या बहुसांस्कृतिकतेच्या सल्लागार परिषदेचं राष्ट्रीय अध्यक्षपद त्यानं घेतलं होतं, आणि ते काम काही मिरवायचं नव्हतं.

डोईपट्टी परत करा ही मागणी पहिल्यांदा संसदेत मांडली गेली १९८४ साली. व्हँकूव्हरच्या एका म्हाताऱ्या चिन्यानं आपल्या महिला खासदाराकडे जाऊन विचारलं होतं की माझे ५०० डॉलर मला परत मिळतील का. मग हजारो जण आपापली जुनी प्रमाणपत्रं ट्रंकांतून काढून पुढे आले. एकामागून एक सरकारांनी नाही म्हटलं. प्रकरण न्यायालयात गेलं, तिथेही हरलं. जानेवारी २००५ मध्ये नॉर्मी क्वाँगनं अल्बर्टाच्या लेफ्टनंट गव्हर्नरपदाची शपथ घेतली, तोवर माफीचा शब्दही निघाला नव्हता. तो निघाला २२ जून २००६ रोजी, पंतप्रधान स्टीव्हन हार्पर यांच्या तोंडून, संसदेत, कँटोनीजमधल्या एका वाक्यासह. वाण्याच्या मुलाला राणीचा प्रतिनिधी करणं देशाला आधी जमलं आणि वाण्यांचे पैसे परत देणं नंतर, यात मला आश्चर्य वाटत नाही. खुर्ची एकच लागते. परतफेडीला हजारो माणसं उभी असतात.

ती परतफेडही ठरली २०,००० डॉलर, आणि फक्त हयात असलेल्या पट्टी भरणाऱ्यांना किंवा त्यांच्या मागे राहिलेल्या नवरा-बायकोला. ८२,००० पैकी तोवर जिवंत होते ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ज्यांचे आईबाप दोघेही आधीच गेले होते त्या मुलांना काहीही मिळालं नाही, आणि ती मुलं बहुतेक क्वाँगच्याच वयाची होती.